मागची सीट

मेइरोंगने तीनदा सांगितलं होतं. एकदा चिनी नव्या वर्षाच्या चौथ्या दिवशी जेवताना सगळ्यांदेखत, एकदा पाचव्या दिवशी सकाळी सासूला एकटीला गाठून, आणि एकदा काल झोपायच्या आधी नवऱ्याच्या कानाशी. काय भरायचं ते डिकीत भरा, मागच्या सीटवर एक कांदासुद्धा चालणार नाही, तिथे ताओताओ बसणार आहे. आणि आज सहाव्या दिवशी, निघायच्या दिवशी, ती केस विंचरून अंगणात आली तर मागच्या सीटवर तांदळाचं पोतं बसलेलं. पाहुण्यासारखं, पाठ टेकून. शेजारी रताळ्यांच्या शेवयांची दोन गाठोडी, त्यांच्या पायाशी लोणच्याच्या मिरच्यांची बरणी, आणि जी काही फट उरली होती तिच्यात वाळवलेला मुळा कोंबलेला. लाल खुर्ची गायब.

ती खुर्ची मेइरोंगने तुंगक्वानहून, ती नि नवरा कामाला असायचे त्या शहरातून, आणली होती. गाडीत मुलांना उंच बसवून पट्टा लावतात ना, तसली. दुकानदाराने विचारलं होतं, मुलगी केवढी आहे? हिने हात वर धरून दाखवला, मग थोडा आणखी वर घेतला, आणि अंदाजानेच घेऊन टाकली. चौदा तास ती रिकामी खुर्ची मागच्या सीटवर पट्टा लावून इथपर्यंत आली होती, हुनानच्या या डोंगरातल्या गावापर्यंत. आल्या दिवशी ताओताओ तिच्यात एकदा बसली, गुडघे पार पुढे आले, "छान आहे," म्हणाली आणि उतरून गेली. नऊ वर्षांची झाली होती पोर. हाताने दाखवली त्याहून वीतभर उंच.

"आई, हे सीटवर कोणी ठेवलं?"

सासू उंबऱ्याजवळच्या बुटक्या स्टुलावर बसून कोंबडीचे पाय बांधत होती. तिने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, मग गाठ आवळली.

"मीच. आणखी कोण ठेवणार?"

"मी तीनदा सांगितलं होतं."

"सांगितलं असशील. म्हाताऱ्या माणसाच्या नाही राहत लक्षात."

नाही राहत म्हणे. हीच बाई गावातल्या प्रत्येक कोंबडीची कुळकथा सांगेल, कोणाच्या लग्नात भात कच्चा राहिला होता ते सांगेल, आणि सुनेने काल सांगितलेलं तेवढं विसरेल. मेइरोंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती नवऱ्याकडे वळली. योंगक्वेइ गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभा राहून टायरला पायाने टोचून बघत होता. टायरला काहीही झालेलं नव्हतं. घरात दोन बायकांचा आवाज चढला की या माणसाला टायर आठवतो.

"बघितलंस?"

"बसेल गं ती. बारीक आहे. नाहीतर तू मांडीवर घे."

"चौदा तास? नऊ वर्षांची पोर? तिला गाडी लागते, आडवं व्हावं लागतं, माहीत आहे ना तुला? तूच घे मांडीवर, आणि चालव गाडी."

"सकाळी सकाळी कशाला," तो म्हणाला. "आज रात्री बारापर्यंतच टोल माफ आहे. दहाला तरी निघायला हवं."

म्हणजे टोलचं त्याला पक्कं माहीत होतं. पोरगी कुठे बसणार ते माहीत नव्हतं.

आता ही काही पहिली वेळ नव्हती, म्हणून तर मेइरोंगचा एवढा संताप होत होता. दोन वर्षांपूर्वी जुनी का होईना गाडी घेतली, तीच मुळी या एका कामासाठी. आठ महिन्यांची असताना आजीजवळ ठेवलेली मुलगी आपल्या गाडीने आपल्या घरी न्यायची. पहिल्या वर्षी निघायच्या सकाळी गाडी बघितली तर छतापर्यंत भरलेली. सासू म्हणाली, आता यातून काढायचं तरी काय, उन्हाळ्यात पाठवते तिला. उन्हाळ्यात सासूचा गुडघा धरला. गेल्या वर्षी तुंगक्वानच्या शाळेत जागा मिळाली नाही, ते खरं, पण गाडी तेव्हाही भरलेलीच होती. गाडी भरलेली असली की बाकीची कारणं आपोआप सापडतात. दोन्ही वेळा मेइरोंगने खिडकीची काच खाली करून पोरीला सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी नक्की. नक्की म्हणजे नक्की." गाडी नव्हती तेव्हा बसच्या खिडकीतून हेच सांगायची.

आणि मग वर्षभर ते धुरावलेलं डुकराचं मांस. तुंगक्वानच्या भाड्याच्या खोलीच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या शेजारी टांगलेलं. तिकडच्या दमट हवेत त्याला बुरशी यायची, मेइरोंग ती गरम पाण्याने खरवडायची, आणि कापताना दर वेळी मनात म्हणायची, मुलगी दिली नाही, मांस दिलं. कारखान्यात दिवसभर बुटांना तळवे चिकटवून आलेल्या हातांनी ती ते खायची आणि तिला ते गोड लागायचं, याचाही तिला राग यायचा.

या वर्षी शाळेत जागा मिळाली होती. लाल शिक्क्याचा कागद तिच्या पिशवीत होता. शाळा सोळाव्या दिवशी उघडणार होती. या वर्षी कुठलंच कारण उरलेलं नव्हतं, तर या बाईने शेवया भरल्या.

"ठीक आहे," मेइरोंग म्हणाली आणि बाह्या वर सारल्या.

तिने तांदळाचं पोतं कवेत घेतलं आणि अंगणात आदळलं. फार जड नव्हतं. मोठी पोती डिकीत होती, सीटवर सगळं लहान लहान. मग शेवया. मग मुळा, मूठमूठभर, कारण तो फटींतून सहजासहजी निघेना. कोंबड्या आधी घाबरून पळाल्या, मग मुळा टोचायला परत आल्या.

भिंतीपलीकडच्या छ्यू काकू सूर्यफुलाच्या बिया सोलत सोलत भिंतीला येऊन टेकल्या. या बाईला भांडणाचा वास तीन घरांवरून येतो.

"दुकान मांडलंय का गं मेइरोंग? मुळा कसा दिलास?"

"फुकट आहे काकू. घेऊन जा. सगळंच घेऊन जा."

"हात लावून बघ म्हणावं," सासू स्टुलावरूनच म्हणाली. "चाळीस दिवस धूर खाल्लाय मी त्या मांसासाठी."

"कोणी सांगितलं होतं खायला? आम्ही दोघं माणसं. दोघांना वर्षाला किती मांस लागतं? तिकडे काय दुष्काळ पडलाय? बाजार खोलीच्या खालीच आहे."

"बाजारातलं खाऊन तोंड बघ कसं झालंय तुझं. वाळक्या फळीसारखं."

"माझं तोंड राहू दे. खुर्ची कुठे आहे?"

सासू गप्प. हा गप्प बसण्याचा प्रकार मेइरोंगला नवीन होता, कारण ही बाई झोपेतसुद्धा गप्प बसत नाही. मेइरोंगने डुकरांचं खोपट बघितलं, पडवी बघितली, आणि शेवटी लाकडांच्या रचलेल्या ढिगामागे तिला लाल रंग दिसला. खुर्ची तिथे होती. वर खताची रिकामी पिशवी पांघरलेली. ती हातात धरून मेइरोंग अंगणात आली, तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. छ्यू काकूंनी बिया सोलायच्या थांबवल्या.

"लपवलीत? आई, लपवलीत तुम्ही?"

"ठेवली असेल तिकडे. जागा नव्हती."

"खरं सांगा ना एकदा. तोंडावर सांगा. तुम्हाला ती द्यायची नाहीये. दर वर्षी नाही म्हणायचं नाही, नुसतं भरत राहायचं. माणूस बसायला जागाच ठेवायची नाही. वर पुन्हा सगळ्या गावाने म्हणायचं, सासू किती करते बघा, गाडी वाकली पार."

"वाकलीच आहे," छ्यू काकू म्हणाल्या.

"काकू, तुम्ही मध्ये पडू नका."

सासू उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. कोंबडी तिथेच स्टुलाजवळ पाय बांधलेली पडून राहिली.

"द्यायची नाही? आठ महिन्यांची माझ्या हातात दिलीस. दुधाच्या पावडरीचा एक डबा आणि एक पोर. रात्र रात्र रडायची. तेव्हा कोण होतं गं? तुझ्या वासाचं झंपर मी उशाशी ठेवायचे तिच्या. धुतलं नाही मी ते वर्षभर. आणि मला सांगतेस, द्यायची नाही?"

"मी काय मजा करायला गेले होते? तुमच्याच या घराच्या भिंती उभ्या राहिल्या त्या तळव्यांवर."

"आई, मेइरोंग, जाऊ दे ना," योंगक्वेइ म्हणाला.

"तू टायर बघ," मेइरोंग म्हणाली. जन्मात पहिल्यांदा सासूचं नि तिचं एकमत झालं, कारण सासूनेही नेमकं त्याच वेळी त्याला हाताने बाजूला सारलं.

"डिकी उघड," सासू म्हणाली.

"काय?"

"उघड म्हणते ना. एवढं फेकलंस, तेही फेक. आणि तळाशी काय आहे ते बघ, मग मला बोल."

डिकी दोरीने बांधलेली होती, कारण ती लागतच नव्हती. मेइरोंगने गाठ सोडली नाही, तिला तेवढं भान राहिलं नव्हतं. तिने कोयता आणला आणि दोरी कापली. मग काढत सुटली. मांसाच्या काळ्या पट्ट्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. चहाबियांच्या तेलाचे दोन कॅन. तांदळात पुरलेली अंडी, बादलीभर. पाण्यात बुडवलेल्या चिकट तांदळाच्या वड्या, त्याही बादलीसकट. भोपळा. आणखी एक भोपळा. कोबी, जणू तुंगक्वानमध्ये कोबी कोणी पाहिलाच नाही. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. मेइरोंग घामाने निथळत होती आणि प्रत्येक वस्तूला नावं ठेवत होती.

सगळ्यात खाली, डिकीच्या तळाला लागून, फुलाफुलांच्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं होतं. तिने ते सोडलं. ताओताओची जाड रजई. हिवाळ्याचे दोन जोड, उन्हाळ्याचे तीन, सगळे धुऊन घडी केलेले. आजीने शिवलेले कापडी बूट, दोन मापांचे, एक आत्ताचं आणि एक पुढच्या वर्षीचं. आणि मधोमध, मोडू नयेत म्हणून बांबूच्या नळीत गुंडाळून ठेवलेली शाळेची प्रशस्तिपत्रकं. ती मधल्या खोलीच्या भिंतीवर चिकटवलेली असायची. एकेक करून भिंतीवरून सोडवली होती. कडा कुठेही फाटल्या नव्हत्या.

"तिसऱ्या दिवशी बांधलं मी ते," सासू म्हणाली. "सगळ्यांत आधी तेच ठेवलं. विसरायला नको म्हणून."

मेइरोंग गाठोडं हातात धरून उभी राहिली. तिला खजील व्हायला हवं होतं आणि ती झालीही, पण राग आपला तिथल्या तिथेच होता, त्याला जायला वाट सापडेना.

"मग सीटवर का भरलंत?" ती म्हणाली. "हे ठेवलंत, तर मग खुर्ची का काढलीत?"

"चुकलं माझं. म्हातारी झाले."

"आई."

"म्हटलं ना, चुकलं. लाव ती खुर्ची आणि निघा."

सासू बोलत होती तिच्याशी आणि बघत होती स्वयंपाकघराच्या दाराकडे. या वेळी मेइरोंगनेही तिकडे बघितलं.

ताओताओ येत होती. पाठमोरी, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी रताळ्यांचं पोतं ओढत. उंबऱ्यावर ते अडकलं, तिने गुडघ्याने ढकलून पार केलं. अंगणातल्या पसाऱ्यातून, भोपळ्यांच्या आणि बादल्यांच्या मधून वाट काढत ती गाडीपाशी आली. कोणाकडे बघितलं नाही. मागचं दार उघडंच होतं. पोत्याचं एक टोक तिने सीटवर टेकवलं, खालून खांदा लावला आणि रिकाम्या झालेल्या जागेत ते नीट बसवलं. सराईत हात होते. मग खाली पडलेलं शेवयांचं गाठोडं उचलून ते त्याच्या शेजारी ठेवलं.

छ्यू काकू भिंतीपासून मागे सरल्या आणि आपल्या घरात गेल्या.

मेइरोंगला आता सगळं कळलं. सासूने सकाळी पोरीला भरताना बघितलं होतं, आणि "मीच" म्हणाली होती. शिव्या खाल्ल्या, डिकी उपसू दिली, चाळीस दिवसांच्या मांसाला माती लागू दिली, पण पोरीचं नाव काढलं नाही. सुनेला हे कळू नये म्हणून. आणि मेइरोंगला त्या क्षणी त्याचाही राग आला, कारण या बाईचे उपकार तिला नको होते आणि ते आता फेडायचीही सोय नव्हती.

"ताओताओ," ती म्हणाली. "खुर्ची तू लपवलीस?"

"लपवली नाही. ठेवली. पावसाने भिजेल म्हणून वर पिशवी घातली."

"का?"

मुलीने हात पँटीला पुसले. "आजीला पाण्याची बादली उचलवत नाही. कोण उचलणार?"

"शेजारचे काका आहेत, छ्यू काकू आहेत. ते कारण सांगू नकोस."

"तिथे माझ्या ओळखीचं कोणी नाही."

"मी आहे ना तिथे."

ताओताओने खाली बघितलं आणि बुटाच्या टोकाने एक भोपळा जरा बाजूला सरकवला. मेइरोंगला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. खरंच वाटली, हात शिवशिवला. आणि मुलीला ते कळलं असावं, कारण ती समजूत घालायच्या सुरात म्हणाली, लहान मुलाशी बोलावं तशी:

"यंदा तुम्ही दोघं जा. मी पुढच्या वर्षी येते. नक्की. नक्की म्हणजे नक्की."

शब्द तेच होते. सूरही तोच, खिडकीची काच खाली करून बोललेला. पोरीने तो बरोब्बर उचलला होता, आणि त्यात कुचकेपणा अजिबात नव्हता. जाणाऱ्या माणसाने असंच बोलायचं असतं, अशी तिची समजूत होती.

मेइरोंग गाडीच्या पुढच्या दाराशी गेली. दार उघडून तिने आपल्या सीटवरची आपली पिशवी काढली आणि जमिनीवर ठेवली. मग शेवयांचं दुसरं गाठोडं उचललं आणि स्वतःच्या सीटवर आपटलं.

"भरा," ती सासूला म्हणाली. "सगळं भरा परत. मागची सीट भरा, पुढची भरा. एक कोबी इथे राहता कामा नये."

"म्हणजे?" योंगक्वेइ पुढे आला. "आणि तू?"

"मी राहते. शाळा सोळाव्या दिवशी उघडते. पंधराव्या दिवशी रेल्वेने येईन."

"वेडी झालीस का? नवव्या दिवशी कारखाना सुरू होतोय. एक दिवस थांबणार नाहीत ते, तुझी जागा दुसरीला देतील."

"देऊ देत. दुसरीकडे चिकटवीन. तळवे सगळीकडे सारखेच असतात."

"आणि ही नाही आली तर? पंधराव्या दिवशीही नाही म्हणाली तर?"

मेइरोंगने मुलीकडे बघितलं. तिला खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

"तर मला माहीत नाही," ती म्हणाली. "तेव्हा मला पुन्हा राग येईल."

योंगक्वेइने आईकडे बघितलं, पण सासूला वेळ नव्हता. ती मांसाच्या पट्ट्यांवरची माती बाहीने झटकून डिकीत रचायला लागली होती, आणि रचता रचता म्हणत होती की मघाशी तिने काय सुंदर बसवलं होतं, आता पुन्हा तसं बसणं शक्य नाही. फुलाफुलांचं गाठोडं तिने या वेळी डिकीत ठेवलं नाही. घरातही नेलं नाही. स्टुलावर ठेवलं, कोंबडीच्या शेजारी.

अकरा वाजता गाडी निघाली. छ्यू काकूंच्या नवऱ्याने रिवाजाप्रमाणे फटाक्यांची माळ लावली. मागच्या सीटवर लाल खुर्ची होती, तिच्यात मिरच्यांची बरणी बसवून वरून पट्टा लावलेला, सांडू नये म्हणून. ती कल्पना सासूची. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिघी रस्त्यावर उभ्या होत्या, आणि गाडी जाताना मेइरोंगला इथून, या बाजूने, कधी बघायला मिळाली नव्हती. किती पटकन दिसेनाशी होते, तिला वाटलं. नऊ वर्षं पोर हे बघत होती.

परत अंगणात आल्यावर ताओताओ मेइरोंगच्या पिशवीपाशी थांबली. पिशवीचे बंद धरून तिने उचलायला जोर लावला, आणि पिशवी एकदम वर आली. तिला वाटलं होतं त्याहून फारच हलकी.

"एवढंच?" तिने विचारलं.

"आठ दिवसांचेच कपडे आहेत," मेइरोंग म्हणाली. "आठच दिवस तर येते मी."

ताओताओने बोटांवर दिवस मोजले. सहाव्यापासून पंधराव्यापर्यंत.

"मग धुवावे लागतील," ती म्हणाली, आणि पिशवी घेऊन घरात गेली.